पीई सिव्हिलच्या तयारीसाठी पुस्तकं कशी निवडावीत

अमेरिकेत सिव्हिल इंजिनिअर म्हणून काम करणारी मराठी मुलंमुली पीई, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअर, या परवान्याच्या परीक्षेचा विचार करू लागली की त्यांचा पहिला प्रश्न पुस्तकांचा असतो. आणि हा प्रश्न विचारण्याआधीच त्यांच्या हातात एक यादी आलेली असते. ऑफिसातल्या सीनियरनं दिलेली, कॉलेजच्या ग्रुपवरून फिरत आलेली, नाहीतर महाराष्ट्र मंडळात भेटलेल्या एखाद्या दादानं प्रेमानं खोक्यासकट सोपवलेली. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. अडचण अशी की त्यातली बरीच पुस्तकं ज्या परीक्षेसाठी लिहिली गेली, ती परीक्षा आता त्या स्वरूपात होतच नाही.

ऑक्टोबर २०२१ पर्यंत पीई सिव्हिल कागदावर व्हायची आणि पुस्तकं सोबत नेता यायची. लोक चाकांच्या बॅगा भरून कोड, मॅन्युअल आणि रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या वह्या घेऊन जायचे. सकाळी सगळ्या शाखांचे ४० प्रश्न, दुपारी स्वतःच्या शाखेचे ४०. जानेवारी २०२२ पासून परीक्षा पिअरसन व्ह्यूच्या केंद्रात संगणकावर होते. तिथे स्वतःचा कागदाचा कपटासुद्धा नेता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सकाळ-दुपार ही विभागणीही गेली. आता ८० प्रश्न, प्रत्यक्ष परीक्षेला ८ तास, आणि सगळे प्रश्न तुम्ही निवडलेल्या शाखेच्या अभ्यासक्रमातून येतात.

पुस्तकं निवडण्याचा सगळा विचार याच बदलापासून सुरू झाला पाहिजे. त्या दिवशी स्क्रीनवर जी पीडीएफ उघडता येते, ते तुमचं खरं पुस्तक. बाकी प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारायचा: हे मला त्या पीडीएफपर्यंत लवकर आणि समजून पोचवतं का? पोचवत नसेल, तर ते कितीही नावाजलेलं असो, तुमच्या टेबलावर त्याला जागा नाही.

आधी शाखा, मग अभ्यासक्रमाचा कागद

परीक्षा घेणारी संस्था एनसीईईएस. परवाना मात्र ती देत नाही. तो तुमच्या राज्याचं बोर्ड देतं. अनुभवाची वर्षं परीक्षेआधी पूर्ण हवीत की नंतर चालतात, भारतीय पदवीचं मूल्यांकन कधी करून घ्यायचं, हे राज्यागणिक बदलतं. म्हणून पुस्तकावर पहिला डॉलर खर्च करण्याआधी बोर्डाचं संकेतस्थळ नीट वाचा आणि परीक्षा साधारण कोणत्या महिन्यात देता येईल ते ठरवा. तारीख ठरल्याशिवाय कोणत्या आवृत्तीचे कोड लागणार हे ठरत नाही.

शाखा पाच: कन्स्ट्रक्शन, जिओटेक्निकल, स्ट्रक्चरल, ट्रान्सपोर्टेशन आणि वॉटर रिसोर्सेस अँड एन्व्हायर्नमेंटल. रोजच्या कामाची शाखा घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. "वॉटरला कोडचं ओझं कमी, तीच घे" हा सल्ला सर्रास मिळतो. वॉटरचा भर हँडबुकवर जास्त आहे हे खरंच. पण चार-पाच वर्षं स्टीलची कनेक्शनं करणाऱ्या माणसाला एआयएससीच्या मॅन्युअलमध्ये कुठलं कोष्टक कुठे आहे ते न बघता माहीत असतं. ही त्याची कमाई आहे. ती सोडून विहिरींचं हायड्रॉलिक्स पहिल्यापासून शिकायला बसायचं कशासाठी?

इथे दोन नावांची गल्लत टाळा. पीई सिव्हिल स्ट्रक्चरल आणि एसई, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरची परीक्षा, या वेगळ्या परीक्षा आहेत. एसई पुष्कळ मोठी आणि कठीण आहे. तसंच पीई एन्व्हायर्नमेंटल ही पीई सिव्हिलच्या वॉटर शाखेपेक्षा निराळी परीक्षा आहे. नाव अर्धवट वाचून भलतंच पुस्तक मागवलेली माणसं कमी नाहीत.

शाखा ठरली की एनसीईईएसच्या संकेतस्थळावरून तिच्या अभ्यासक्रमाचा कागद उतरवून घ्या. मोजक्या पानांचा आणि फुकट. त्यात विषय, उपविषय आणि प्रत्येक विषयावर साधारण किती ते किती प्रश्न येतील, हे दिलेलं असतं. एखाद्या क्लासची जाहिरात किंवा पुस्तकाची अनुक्रमणिका पाहून अभ्यास आखू नका. आखणी या कागदावरून करा आणि पुस्तकं त्याच्याशी ताडून पाहा.

हँडबुक: फुकट आहे म्हणून दुर्लक्षित राहणारं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक

मायएनसीईईएसवर खातं उघडलं की पीई सिव्हिल रेफरन्स हँडबुकची पीडीएफ विनामूल्य मिळते. पाचही शाखांना एकच हँडबुक. परीक्षेत तीच स्क्रीनच्या एका बाजूला उघडते आणि तिच्यात शब्द टाकून शोध घेता येतो. त्यात सूत्रं, आलेख आणि कोष्टकं आहेत. स्पष्टीकरण जवळजवळ नाही, सोडवलेली उदाहरणं नाहीत. त्यामुळे पहिल्यांदा उघडून पाहणारा हिरमुसतो आणि पीडीएफ बंद करून एखादा जाडजूड ग्रंथ मागवतो. तिथेच दिशा चुकते.

माझी शिफारस अशी. पहिला आठवडा कुठलंही पुस्तक विकत घेऊ नका. एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात अभ्यासक्रमाच्या कागदातला प्रत्येक उपविषय लिहा. दुसऱ्यात तो हँडबुकच्या कुठल्या भागात किंवा कुठल्या कोडच्या कुठल्या प्रकरणात सापडतो ते. तिसऱ्यात तीनपैकी एक शेरा: येतं, विसरलोय, किंवा कधी शिकलोच नाही. काम कंटाळवाणं आहे, पण पुस्तकांची खरी यादी तिसऱ्या रकान्यातूनच तयार होते. "येतं" त्याला फक्त सरावाची गणितं लागतात. "विसरलोय" त्याला थोडक्यात उजळणी देणारं पुस्तक पुरतं. समजावून सांगणारं पाठ्यपुस्तक लागतं ते फक्त "कधी शिकलोच नाही" या शेऱ्याला. आणि असे विषय बहुतेकांच्या तक्त्यात मोजकेच निघतात. कॉलेजात महामार्गाची क्षमता शिकवली गेली नव्हती, लाकडाचं डिझाइन कुणी केलं नव्हतं, असे.

हँडबुकचा सराव स्क्रीनवरच करा. छापून, बांधून, रंगवून घेतलेली प्रत हातात छान वाटते. पण अमुक सूत्र उजव्या पानावर खालच्या कोपऱ्यात आहे ही आठवण केंद्रात काही कामाची नाही. तिथे उपयोगी पडते ती शोधपेटीत नेमका शब्द टाकायची सवय.

या शब्दांच्या बाबतीत आपल्याकडून आलेल्यांनी खास काळजी घ्यायला हवी. आपण महाराष्ट्रात ब्रिटिश धाटणीची इंग्रजी परिभाषा शिकतो. शोधपेटीत 'बिट्युमेन' टाकलं तर जे हवं ते हाती लागेलच असं नाही. तिथे 'अस्फाल्ट' लागतं. आपली चेनेज म्हणजे तिथलं स्टेशन, ग्रेडियंट म्हणजे ग्रेड, शटरिंग म्हणजे फॉर्मवर्क, कॅरेजवे म्हणजे ट्रॅव्हल्ड वे, फूटपाथ म्हणजे साइडवॉक. एसबीसी (सेफ बेअरिंग कपॅसिटी) शोधाल तर निराशा होईल, 'अलाउएबल बेअरिंग' शोधा. स्पेलिंगचंही तेच: सेंटर, मीटर, लेव्हलिंग, कर्ब हे शब्द अमेरिकन पद्धतीनं टाईप करा. तक्त्यात चौथा रकाना याच शब्दांचा ठेवा. ८ तासांत ८० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ६ मिनिटं. त्यातली दोन चुकीचा शब्द शोधण्यात गेली तर गणिताला काय उरणार?

कोड: कोणते, कुठल्या आवृत्तीचे आणि किती

हँडबुकखेरीज प्रत्येक शाखेची डिझाइन स्टँडर्ड्सची यादी एनसीईईएस जाहीर करते. परीक्षेत तेही स्क्रीनवर मिळतात. स्ट्रक्चरलची यादी सर्वांत लांब: भारांसाठी एएससीई ७, काँक्रीटसाठी एसीआय ३१८, स्टीलसाठी एआयएससीचं मॅन्युअल, लाकडासाठी एनडीएस, दगड-विटांच्या बांधकामासाठी टीएमएस ४०२, प्रीकास्टसाठी पीसीआय, पुलांसाठी आश्टो या महामार्ग-संघटनेचा एलआरएफडी आणि शिवाय इमारतींचा सर्वसाधारण कोड आयबीसी. ट्रान्सपोर्टेशनला आश्टोचं ग्रीन बुक, हायवे कपॅसिटी मॅन्युअल, रस्त्यावरच्या फलक-सिग्नल-खुणांसाठी एमयूटीसीडी आणि इतर. कन्स्ट्रक्शनला ओशाचे सुरक्षानियम, फॉर्मवर्क आणि बांधकामादरम्यानच्या भारांचे संदर्भ.

यादीत आवृत्ती लिहिलेली असते. ती अक्षरशः पाळा. ऑफिसात नवी आवृत्ती वापरत असाल आणि यादीत जुनी असेल, तर अभ्यास जुनीचा. हा फाजील काटेकोरपणा नाही, उत्तर बदलतं. एएससीई ७ च्या २०१६ च्या आवृत्तीत बर्फाचा भार मुख्य असेल तर भारसंयोगात त्याला १.६ नं गुणायचं. २०२२ च्या आवृत्तीत नकाशातले आकडेच वेगळ्या पायावर काढले आहेत आणि गुणक १.० झाला आहे. एकीचा नकाशा आणि दुसरीचा गुणक वापरलात तर उत्तर सपशेल चुकणार, आणि तसं चुकीचं उत्तर पर्यायांत हजर असू शकतं. एमयूटीसीडीची अकरावी आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये आली. त्याआधी कित्येक वर्षं २००९ चीच चालत होती. काँक्रीटमध्ये एसीआय ३१८-१४ पर्यंत, रिंगा नसलेल्या स्लॅबची शिअर क्षमता एफ-प्राइम-सीच्या (काँक्रीटच्या ताकदीच्या) वर्गमूळाच्या दुपटीनं पटकन काढता यायची. ३१८-१९ मध्ये किमान शिअर स्टील नसेल तर मुख्य सळ्यांचं प्रमाण आणि जाडीचा परिणाम दोन्ही सूत्रात आले. जुन्या गणितसंग्रहातलं उत्तर आणि तुमचं उत्तर जुळत नसेल, तर आधी आवृत्ती तपासा. स्वतःवर शंका नंतर घ्या.

आता सगळे कोड विकत घ्यायचे का? मुळीच नाही. यातले काही इतके महाग आहेत की संपूर्ण यादी घ्यायची तर महिन्याच्या घरभाड्याची जुळणी कोलमडेल. ऑफिसात बहुतेक कोडांची सदस्यता असते. मॅनेजरला सरळ विचारा, परवानाधारक इंजिनिअर तयार होणं त्यांच्याही फायद्याचं असतं. विद्यापीठाचं ग्रंथालय जवळ असेल तर तिथे पाहा. आणि बरंच काही अधिकृतरीत्या फुकट आहे: एमयूटीसीडी आणि महामार्ग प्रशासनाच्या, म्हणजे एफएचडब्ल्यूएच्या, मृदा, पाया आणि मोऱ्यांच्या जलरचनेवरच्या पुस्तिका, ओशाचे २९ सीएफआर १९२६ हे नियम, एआयएससी ३६० हे स्पेसिफिकेशन (मॅन्युअल नव्हे), आणि आयबीसी संकेतस्थळावर वाचण्यापुरता. जिओटेक्निकलवाल्यांना तर एफएचडब्ल्यूएच्या मातीवरच्या पुस्तिका हे कुठल्याही विकतच्या पुस्तकापेक्षा चांगलं पाठ्यपुस्तक आहे, असं मी ठामपणे सांगेन. उदाहरणं आहेत, एककं अमेरिकन आहेत, आणि लिहिणाऱ्यांनी प्रत्यक्ष साइटवर काम केल्याचं जाणवतं.

एक तपशील फार कमी लोक आधी लक्षात घेतात. परीक्षेत कोडची एकसंध फाईल मिळत नाही, प्रकरणांप्रमाणे तुकडे मिळतात आणि शोध एका वेळी एकाच उघडलेल्या प्रकरणात चालतो. म्हणजे कुठलं प्रकरण उघडायचं हे तुम्हालाच ठाऊक हवं. एसीआय ३१८ मध्ये भारसंयोग ५ व्या प्रकरणात, बीम ९ व्या, क्षमता कमी करणारे फाय गुणक २१ व्या, छेदाची ताकद २२ व्या आणि सळ्यांचे तपशील २५ व्या प्रकरणात. एएससीई ७ मध्ये संयोग दुसऱ्यात, बर्फ सातव्यात, भूकंप ११ पासून पुढे, वारा २६ पासून पुढे. हायवे कपॅसिटी मॅन्युअलच्या सहाव्या आवृत्तीत फ्रीवेचा साधा पट्टा १२ व्या प्रकरणात आणि सिग्नलचा चौक १९ व्या प्रकरणात. तुमच्या शाखेच्या कोडांचा असा एक पानाचा नकाशा स्वतः लिहून काढा. म्हणूनच कोड निवडताना, ज्यातून गणितं सोडवायची तो कोड हाताशी असणं गरजेचं आहे. ज्याचा एखादाच संदर्भ येईल, त्याची अनुक्रमणिका माहीत असली तरी पुरतं.

अधिकृत सराव परीक्षा हीच मोजपट्टी

एनसीईईएस प्रत्येक शाखेची स्वतःची सराव परीक्षा विकते. बाजारात शेकडो गणितसंग्रह असतील, पण प्रश्न काढणाऱ्यांच्या हातचं हे एकच. हे विकत घ्याच, आणि सध्याच्या अभ्यासक्रमाचं आहे ना ते मुखपृष्ठावर पाहून घ्या.

ते कधी उघडायचं यावर दोन मतं आहेत. काही जण अगदी शेवटी ठेवतात, काही जण पहिल्याच दिवशी सगळं सोडवून मोकळे होतात. मला दोन्ही पटत नाही. सुरुवातीला त्यातले आठ-दहा प्रश्न वाचा, सोडवा, उत्तरं पाहा. प्रश्न किती लांब आहे, किती पायऱ्या आहेत, किती माहिती फसवी म्हणून टाकली आहे, हे डोक्यात बसू द्या. संगणकावरच्या परीक्षेत चार पर्यायांखेरीज एकाहून जास्त बरोबर उत्तरं निवडायचे, आकृतीवर बिंदू दाखवायचे, जोड्या ओढून लावायचे आणि आकडा टाईप करायचे प्रश्नही असतात. तेही पाहून ठेवा. मग पुस्तक बंद. उरलेले प्रश्न परीक्षेच्या तीनेक आठवडे आधी घड्याळ लावून, हँडबुक दुसऱ्या खिडकीत उघडून. त्या आठ-दहा प्रश्नांचा उपयोग मात्र लगेच पुढच्या पायरीवर होतो.

विकतची पुस्तकं पारखायची कशी

पहिल्यांदा त्या प्रसिद्ध जाड ग्रंथाबद्दल, ज्याला सगळे नुसतं 'लिंडेबर्ग' म्हणतात. विस्तार अफाट, विषय एकही सुटलेला नाही. पुस्तकं सोबत नेता यायची त्या काळात तो टेबलावर असणं म्हणजे अर्धी लढाई होती. आज तो घरी संदर्भाला असेल तर ठीक, कुणी दिला तर ठेवून घ्या. पण पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. तुमच्या तक्त्यात ज्या विषयांपुढे "विसरलोय" आहे, तेवढीच प्रकरणं वाचा. नाहीतर चार महिने वाचनात जातील आणि हात गणिताला लागणारच नाही.

तुम्हाला खरी गरज आहे ती तुमच्या शाखेच्या एका चांगल्या गणितसंग्रहाची. एकाच. ऑनलाइन नमुन्याची काही पानं बघायला मिळतात, कुणाकडून दोन दिवस मागून आणता येतं. त्यावर पुढच्या कसोट्या लावा.

एप्रिल २०२४ नंतर सुधारलेलं आहे का? आत अजून सकाळ-दुपारची भाषा असेल तर इतर शाखांची बरीच अनावश्यक गणितं त्यात असणार. उत्तरं कशी लिहिली आहेत ते पाहा: सूत्र हँडबुकच्या कुठल्या भागातलं, कोडचं कुठलं कलम, हे प्रत्येक उत्तरात दिलेलं असलं पाहिजे. "ज्ञात सूत्रानुसार" असं म्हणून पुढे जाणारं पुस्तक या परीक्षेला निरुपयोगी आहे, कारण परीक्षा तुमच्या स्मरणाची नाही, शोधण्याची आणि नेमकं लावण्याची आहे. चिन्हंही हँडबुकचीच हवीत. कोडच्या आवृत्त्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. प्रकाशक चुकांची यादी प्रसिद्ध करतो का ते बघा. गणिताच्या पुस्तकात चुका असतातच, त्या लपवणारा प्रकाशक टाळा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, काठिण्य. मघाचे अधिकृत प्रश्न आठवा. त्याच विषयाची पाच गणितं या संग्रहातून सोडवा. प्रत्येकाला वीस मिनिटं लागत असतील, तर संग्रह अवघड असूनही वाईट आहे. अशी गणितं सोडवून आत्मविश्वास खचतो आणि ६ मिनिटांत निर्णय घ्यायची सवय लागत नाही. एका सूत्रात आकडे टाकून संपणारी गणितंही तितकीच फसवी. अधिकृत प्रश्नाच्या जवळपास, किंचित वर, तो संग्रह तुमचा.

क्लास लावायचा की नाही, हे पुस्तकाच्या दर्जावर नाही, तुमच्या तिसऱ्या रकान्यावर ठरवा. "कधी शिकलोच नाही" असे शेरे तीन-चार असतील तर क्लासची गरज नाही. रकाना त्यांनीच भरला असेल, किंवा कॉलेज सोडून पंधरा वर्षं झाली असतील, तर ध्वनिचित्रित तासांचा चांगला क्लास पैसे वसूल करून देतो. क्लास घेतलात तर त्याचंच साहित्य वापरा. त्याच्या जोडीला आणखी तीन पुस्तकं नकोत.

भारतातून आणलेली पुस्तकं

ही फेकायची नाहीत, पण त्यांचं काम ओळखून वापरायची. संरचना-विश्लेषण, मृदेतला प्रभावी ताण, कन्सॉलिडेशन, पाइपातला प्रवाह, यांची मूळ समज आपल्या विद्यापीठांच्या पुस्तकांनी उत्तम करून दिलेली असते. एखादी संकल्पना अडली तर त्यांच्याकडे जरूर जा. ज्या भाषेत आणि आकृत्यांत पहिल्यांदा समजलं, त्यातच ते लवकर परत आठवतं.

गणितं मात्र त्यातून सोडवू नका. कारण नुसती एककं वेगळी नाहीत, नियमही वेगळे आहेत. आयएस ४५६ मधली काँक्रीटची ताकद घनाची, एसीआयची सिलिंडरची. सिलिंडरची ताकद घनाच्या साधारण ८० टक्के धरली जाते. ४००० पीएसआयचं काँक्रीट म्हणजे सिलिंडरवर २७.६ एमपीए, म्हणजे आपल्या एम ३५ च्या आसपासचं. एम २५ च्या जवळचं नव्हे. सळईत उलट फार सोपं आहे: तिथली ग्रेड ६० आणि आपली एफई ४१५ जवळपास एकच. सुरक्षिततेचा हिशेब आपल्याकडे साहित्याच्या ताकदीला भागून होतो, तिथे पूर्ण छेदाच्या क्षमतेला फाय गुणक लावून.

मातीच्या वर्गीकरणात आपल्याकडे ३५ आणि ५० अशा दोन द्रवमर्यादा, मध्ये सीआय हा गट. अमेरिकन पद्धतीत फक्त ५०. ए रेषेच्या वर पडणारी, द्रवमर्यादा ४२ असलेली चिकणमाती आपल्याकडे सीआय, तिथे सीएल. रस्त्यांत थांबण्याच्या अंतरासाठी दोन्हीकडे प्रतिक्रियेचा वेळ २.५ सेकंद आहे, त्यामुळे सारखेपणाचा भास होतो. पुढे आयआरसी घर्षणाचा गुणांक घेते आणि आश्टो ११.२ फूट प्रति सेकंद वर्ग ही गती कमी होण्याची मर्यादा. टेकाडावरच्या वक्रासाठी आपण डोळ्याची उंची १.२ मीटर आणि वस्तूची ०.१५ मीटर धरतो, आश्टो ३.५ फूट आणि २ फूट. लांबीचं उत्तर चांगलंच बदलतं.

एककांसाठी वेगळं पुस्तक नको, पण वेगळा सराव हवाच. मॅनिंगच्या सूत्रात पुढे १.४८६ येतो. पाण्याचं एकक वजन ६२.४ पौंड प्रति घनफूट. एक एमजीडी (रोजचे दशलक्ष गॅलन) म्हणजे १.५४७ सीएफएस (घनफूट प्रति सेकंद). सांडपाण्यात एमजीडी, मिलिग्रॅम प्रति लिटर आणि ८.३४ यांचा गुणाकार केला की रोजचे पौंड मिळतात: २ एमजीडी आणि २०० मिलिग्रॅम असेल तर ३३३६ पौंड. हे बोटांवर येईपर्यंत मनात मेट्रिकमध्ये रूपांतर करायची सवय सोडवत नाही, आणि ती सवय वेळ खाते. तयारी सुरू केल्या दिवसापासून किप, पीएसएफ, एकर-फूट यांतच विचार करा.

भारतातून आणलेली एक गोष्ट मात्र थेट परीक्षेत चालते: कॅल्क्युलेटर. मान्य यादीत कॅसिओची नावात एफएक्स-११५ किंवा एफएक्स-९९१ असलेली सर्व मॉडेल्स आहेत, शिवाय टीआय-३०एक्स, टीआय-३६एक्स आणि एचपी ३३एस व ३५एस. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हाताखालून गेलेला ९९१ चालतो. यादी दर वर्षी तपासा, आणि तयारीची सगळी गणितं त्याच यंत्रावर करा.

कॅलिफोर्नियात असाल तर

तिथे सिव्हिलच्या परवान्यासाठी राष्ट्रीय परीक्षेखेरीज राज्याच्या आणखी दोन परीक्षा आहेत: भूकंपविषयक तत्त्वं आणि इंजिनिअरिंग सर्व्हेइंग. त्यांचा अभ्यासक्रम राज्याचं बोर्ड जाहीर करतं आणि त्यांचं साहित्य पूर्ण वेगळं लागतं. पीई सिव्हिलच्या पुस्तकांत यांची तयारी होईल असं धरून चालू नका. तिन्हींची खरेदी एकदम करण्यापेक्षा एक परीक्षा संपवून दुसरीकडे वळणं बरं.

खरेदी थांबवायची कधी

टेबलावर शेवटी काय उरायला हवं? अभ्यासक्रमाचा कागद, हँडबुक, शाखेचे लागणारे कोड, अधिकृत सराव परीक्षा, एक गणितसंग्रह, आणि "कधी शिकलोच नाही" वाल्या विषयांसाठी एखाद-दुसरं पाठ्यपुस्तक किंवा सरकारी पुस्तिका. परीक्षेला सहा आठवडे उरले की नवीन काही आणायचं नाही. या काळात घाबरून घेतलेलं पुस्तक वेगळी चिन्हं, वेगळा क्रम घेऊन येतं आणि जमलेली घडी विस्कटतं. त्याऐवजी संग्रहातली चुकलेली गणितं पुन्हा सोडवा. सराव परीक्षेचा निकाल विषयवार मांडा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा न सोडायची सवय याच काळात लावून घ्या.

आणि नापास झालात तर? तेव्हा पहिला मोह पुस्तकं बदलायचा होतो. निकालासोबत एनसीईईएस एक निदानपत्र देतं, ज्यात प्रत्येक विषयातली तुमची कामगिरी उत्तीर्ण झालेल्यांच्या तुलनेत दिसते. ते जुन्या तक्त्याशेजारी ठेवा. ज्या विषयापुढे "येतं" लिहिलं होतं आणि निकालात तोच मागे पडला, तिथे पुस्तक कमी पडलेलं नाही, सराव कमी पडला आहे. त्याच संग्रहाकडे परत जा. जिथे "विसरलोय" होतं आणि निकालही वाईट आहे, तिथे उजळणीचं पुस्तक तुम्हाला समजावू शकलेलं नाही. तेवढ्याच विषयासाठी दुसरं आणा. सर्वत्र थोडं थोडं कमी पडलं असेल तर बहुधा वेळ पुरला नाही, आणि त्याला उपाय हँडबुकमधल्या शोधाचा वेग. बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीनदा बसता येतं, आणि राज्याचा नियम याहून कडक असू शकतो. पुढची तारीख घेण्याआधी कोडांची यादी पुन्हा उतरवून घ्या. मधल्या काळात आवृत्ती बदललेली असू शकते.